निवटी

ओहोटी तीनला लागली.
पाणी हटेल तशी आम्ही केबल टाकत गेलो,
मी आणि हर्कमान,
सुलैबिखातच्या गाळात गुडघाभर,
नारिंगी जॅकेटातले दोन लंगडे बगळे.
पलीकडे वीजकेंद्राच्या चिमण्या,
नावापुरत्या.
अलीकडे सहापदरी रस्ता.
मधल्या चिखलात रोहित पक्षी मान उलटी घालून
चहावाल्यासारखे गाळत होते
न थांबता.

आज कुवेतला त्याचे शेजारी दाखवायचे होते.
माझ्या कागदावर मात्र एवढंच:
सोळा प्रोजेक्टर. पांढरा उजेड नको.
पाण्याकडे तोंड नको. दहाला सगळं बंद.

पंपहाऊसच्या भिंतीवर पहिली चाचणी घेतली
आणि बारा मीटर उंच उभी राहिली,
डोळे टाळूवर, गालफडं फुगलेली,
अंगभर निळे ठिपके,

निवटी!

मी ओरडलोच.
बू-शलंबो, हर्कमाननं दुरुस्त केलं.
आठ वर्षांत तो सगळं अरबीतूनच ओळखतो.

रेवसला हिच्या बिळात कोपरापर्यंत हात घालायचो.
बाजारात वाट्यावर विकायची, पातेल्यातून उड्या मारणारी.
आई राखेत चोळायची, मग कैरी.

कार्यक्रमाच्या डॉक्टरबाईंचं नाव दलाल.
अरबीत म्हणे लाड.
मला इथं आणणारा दलाल होता
त्याच्याकडे हा अर्थ नव्हता.
तुमच्याकडे आहे हा मासा? त्यांनी विचारलं.
काय करता त्याचं?
मी टेस्टर खिशात घातला.
कालवण, म्हणालो.
त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला,
आणि मग वहीत लिहून घेतलं,
कैरीसकट.

सातनंतर माणसं आली.
ताणलेल्या चादरीवर पतंग मोजणारी पोरं,
लहानपणी दोऱ्यानं बू-शलंबो धरायचो
असं ज्याला त्याला सांगणारे एक आजोबा,
आणि वाळूवर सोडलेल्या उजेडाच्या खेकड्यामागे
धावत सुटलेली, एका पायात सँडल असलेली एक मुलगी.
खेकडा तिच्या पावलावर चढला.
ती थिजली.
तिला वाटलं, वजन लागलं.

नऊला डॉक्टर दलालनी हात वर केला.
मी फेडर खाली आणला.
भिंतीवरची निवटी विझली, खेकडे विझले,
शहर काही विझलं नाही, पण आमच्यापुरता अंधार झाला.
त्यांनी एका बिळात तारेएवढा मायक्रोफोन सोडला.
स्पीकरमधून आधी नुसती खरखर.

मग, पुटुक.

खाली हवा नसते, त्या म्हणाल्या.
अंडी छताला चिकटलेली असतात.
बाप वर येतो, तोंड भरून हवा घेतो,
खाली जाऊन ठेवतो, पुन्हा वर येतो.
ओहोटी आहे तोवर हेच.

पुटुक.

सहाशे माणसं चिखलाकडे कान करून उभी.
कुणीतरी लहान आवाजात विचारलं,
मग तो स्वतः कधी घेतो?
याचं उत्तर अरबीत लांबलचक आलं,
मला सगळं कळलं नाही.
खिशात फोन थरथरला. गावाहून असणार,
स्लॅबचं सिमेंट.
मी उचलला नाही.
कागदावर नऊ मिनिटं अंधार लिहिला होता.
अकरा झाली तरी माझं बोट हललं नाही,
आणि कुणी तक्रारही केली नाही.

दहानंतर, भरती यायच्या आत, केबल गुंडाळायला लागलो.
हेडलॅम्पला लाल कागद लावून.
आठव्या खांबाशी वायर चिखलात रुतलेली
आणि तिच्या खालीच एक भोक, ओल्या कडांचं.
ओढ ना, हर्कमान म्हणाला.
राहू दे, म्हटलं, उद्या बघू.
यादीत एक केबल कमी लागली.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं सुचेना,
तेव्हा लिहिलं: वापरात आहे.