केसपेपर

हर्णै बंदराच्या वरच्या अंगाला, सुरूच्या बनाआड
माजी सैनिकांचा दवाखाना झाला तेव्हा
नावावरून तीन सभा उधळल्या.
कुणाला आमदारांचे वडील हवे होते.
शेवटी ठरलं: लान्स नाईक धाकू रावजी शिगवण, एकाहत्तरचे.
पेंटरने 'धाकु' ऱ्हस्व काढला,
पाहुणे जेवायला बसल्यावर
शिडी लावून शेपूट फिरवलं.

एवढं लांब नाव रोज कुणाला परवडतं?
वडापवाला ओरडतो, "चला धाकू, धाकू, दोन शिटा!"
लिलावात कोळणी सांगतात,
धाकूत साखर तपासली, धाकूच्या गोळ्या कडू.
आणि चार नंबरच्या खाटेवरचे सुभेदार म्हाप्रळकर
रात्री खोकताना अंधाराला दटावतात:
शिगवण, माझी विडी कुठाय?

मी खिडकीत बसतो. केसपेपर काढतो.

गुरुवारी एक म्हातारी आली.
गुडघे धरलेले, हातात नायलॉनची पिशवी,
पिशवीत पेन्शनचं पुस्तक प्लास्टिकात गुंडाळलेलं.
नाव?
भागीर्थी.
नवऱ्याचं?
गप्प.
मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.
रांगेत कुणीतरी हसलं.
तिने पदर सारखा केला, मान वळवली
आणि दारावरच्या पाटीकडे बोट केलं,
बोटही पुरतं सरळ न करता.

मी उठून उभा राहिलो, मग बसलो,
आणि लिहिलं. ऊकार दीर्घ.

कागद घेताना ती हळूच म्हणाली,
"सुई नको हां.
त्यांनापण सोसत नव्हती."