वजनाची लोकर

शिवडीला नोव्हेंबरात कुणाला स्वेटर लागतो?
तरी त्या वर्षी शाळेच्या हॉलमध्ये
खाकी लोकरीची पोती उतरली
आणि जन्मात थंडी न पाहिलेल्या बायका
घामेजल्या हातांनी विणायला बसल्या,
दोन सुलट, दोन उलट,
रेडिओवर अशा गावांची नावं ऐकत
जी कुणालाच धड म्हणता येत नव्हती.

लोकर तोलून मिळायची. स्वेटर तोलून परत.
मालतीबाई चुरी वहीत तोळातोळा लिहायच्या.
आईचं नाव त्या घेत नसत.
"खोली अठरा," एवढंच.

खोली अठरामधून आबांना नेलं होतं,
पहाटे, दाढीचा साबण एका गालावर तसाच.
गोदीच्या गेटवर ते एवढंच बोलले होते:
बोलणी करा, पोरं मरतायत.
मग दारावर कुणीतरी डांबराने लिहिलं,
'चीनचा हस्थक'.
रात्रशाळेत शिकवणारे आबा घरी असते
तर आधी शुद्धलेखन सुधारलं असतं.

त्याच दारामागे, भिंतीवर, दिगूमामा,
मिलिटरीच्या टोपीत, टोपी जरा तिरकी.
त्याचं शेवटचं कार्ड बर्फातून आलेलं:
ताई, बूट कॅनव्हासचे आहेत. बाकी ठीक.

कडूकाका आमचा जिना टाळू लागले.
पार्टीच्या ठरावाला त्यांनी हात वर केला होता,
आबांनी केला नव्हता.
सतरा वर्षांचा चहा त्या एका हातावर थांबला.

नाक्यावरचे दाताचे डॉक्टर लिऊ,
जन्म माझगावचा, शिव्या अस्सल मराठीत,
एका रात्रीत राजस्थानच्या छावणीत गेले.
तळमजल्यावरच्या तांडेलांची वरची कवळी झाली होती,
खालची डॉक्टरांच्या टेबलावर मेणातच राहिली.
पुढे तांडेल युद्धाबद्दल पुष्कळ बोलत.
आम्हाला अर्धंच कळे.

आईने एक पाटली संरक्षण निधीला दिली.
पावतीवर तिचं नाव, रीतीप्रमाणे
मधे नवऱ्याचं.
कारकुनाचा टाक तिथे थांबला.
तिने पुन्हा सांगितलं, अक्षर अक्षर सुटं करून.
मग त्याने लिहिलं.

आणि रात्री ती लोकर चोरायची.
एकेका स्वेटरमागे दोन-तीन तोळे.
परत द्यायच्या सकाळी
तयार स्वेटरवर तांब्यातलं पाणी शिंपडायची,
इस्त्रीआधी साडीवर शिंपडावं तसं, हलकं.
मालतीबाईंचा काटा बरोबर मधे थांबे.
मी नऊ वर्षांची. वर्गात 'देशद्रोह' हा शब्द नवा आला होता.
मला त्याला ओल्या लोकरीचा वास यायचा.

नाशिकच्या तुरुंगात थंडी असते.
लोकर बाह्यांना पुरली नाही.
बिनबाह्यांचाच गेला.

मामा आधी आला,
डाव्या पायाची तीन बोटं तिकडेच ठेवून.
आबा मागाहून सुटले.
दोघं एकाच वेळी जेवायला बसत, आई मधून वाढत फिरे.
मीठसुद्धा माझ्यामार्फत मागायचे:
तुझ्या बापाला सांग. तुझ्या मामाला विचार.
दोघांच्या मधली फरशी मी अजून ओळखते,
एका कोपऱ्याला तडा होता तिच्या.

एका रात्री मामा तापाने कुडकुडू लागला.
गोधडी पुरेना.
आबा उठले, ट्रंकेतून तो काढला,
न बोलता त्याच्या अंगावर टाकला.
मामाने अंधारात काठ चाचपला.
"ही आमची लोकर आहे."
"हो," आबा म्हणाले. "तीन महिने मी घातली."

आई भिंतीकडे तोंड करून
झोपेचं सोंग घेऊन पडली होती. श्वासही सोडेना.
मामा बराच वेळ टाके मोजत राहिला,
दोन सुलट, दोन उलट,
मग त्याने डोकं आत घातलं,
हातांनी बाह्या शोधल्या.
बाह्या नव्हत्या.