सहा आठवडे, एक कोठार

बावीस वर्षं मी दात घडवते.
रीगामध्ये, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीखाली ट्राम,
पोर्सेलिनची भुकटी, सुईच्या टोकाएवढा ब्रश,
आणि ज्यांचा चेहरा कधी पाहिला नाही
त्यांची दाढ माझ्या चिमटीत.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरलं. घराचे हप्तेसुद्धा फिटले.

रजेच्या अर्जात कारणासाठी दोनच ओळी होत्या.
मी लिहिलं : मोठं काहीतरी करायचंय.
साहेब म्हणाले, म्हणजे किती मोठं?
मी हात पसरले.
दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं.

लाटगालेत एका तळ्याकाठी कोठार मिळालंय.
मालक दोनात्स, मधमाश्या पाळतो,
एका वाक्यात दोनदा थांबतो.
पायाने फिरवायचं चाक आहे, भट्टी आहे,
माती तळ्यामागे आहे, खणून घ्यायची.
शिकवणारं कोणी नाही. घंटा नाही. प्रमाणपत्र नाही.
"किती भांडी करणार, विझ्माबाई?"
"माहीत नाही."
फोनमध्ये बराच वेळ नुसता वारा.
"मग रबरी बूट आणा," तो म्हणाला.
"एप्रिलमध्ये इथे रस्ता नसतो."

पलंगावर आठवडाभर सामान पसरलंय :
माती कापायची तार, स्पंज, लोकरीचे मोजे,
चाळणी, दुसरी चाळणी,
(मधाची चालेल का विचारलं, तो हसला नाही)
आणि वाल्दाने प्रयोगशाळेतून चोरून दिलेली
मेण कोरायची सुरी, मूठ तिच्या बोटांनी झिजलेली.
एक वेळापत्रकही केलं होतं :
सहा ते आठ माती मळणे, आठ ते बारा चाक.
मग त्याच्या पाठीवर किराणा लिहिला.
बटाटे. काडेपेटी. मीठ, जास्त.

भीती हातांची आहे.
माझे हात मिलिमीटरच्या दहाव्या भागात विचार करतात.
परवा ओट्यावर पाच किलो माती घेऊन बसले,
घागर करायला गेले,
झालं अंगठ्यावर बसेल एवढं टोपण.
पुन्हा केलं. पुन्हा टोपण, थोडं देखणं.

दोनात्स म्हणतो, तिकडे काळी भांडी करतात.
आग पेटली की भट्टीचं तोंड लिंपून टाकायचं,
धूर आत कोंडतो, माती त्याला पिऊन घेते.
सरपण अजून ओलं आहे.
वाळेल तेव्हा वाळेल.
पांढऱ्याच्या सोळा छटा मला झोपेतही ओळखता येतात :
चहा पिणाऱ्याचा पांढरा, सिगारेटवाल्याचा पांढरा,
ज्याला हसायचीच सवय नाही त्याचा.
काळ्याच्या किती असतात?

शेवटचं काम होतं स्ट्राउटमानिस आजोबांची कवळी.
त्यांनी चिठ्ठी पाठवली होती :
पुढच्या दोन दातांत माझी फट होती, तशीच ठेवा.
शिट्टी तिथूनच वाजते.
नियमात बसत नव्हतं. दीड मिलिमीटर हवा
मोजून सोडली, दोनदा घासली,
कवळी डबीत घालायच्या आधी
तिच्यावर हलकेच फुंकर मारून पाहिली.
वाजली नाही. त्याला तोंड लागत असेल.

रेझेक्नेची गाडी सकाळी सहा चाळीसला.
छटांची पट्टी बॅगेत घातली,
काढली, पुन्हा घातली,
शेवटी फ्रिजवर ठेवून दिली, लोणच्याच्या बरणीमागे.
बॅग एकोणीस किलो. त्यात माती एक कणही नाही.

रात्री अकराला रबरी बूट चढवून
स्वयंपाकघरात स्टुलावर बसले
आणि उजव्या पायाने नसलेलं चाक ढकलू लागले.
धप्. धप्. मध्ये जरा घसरट.
खालच्या बाईंनी छताला झाडूचा दांडा ठोकला.
मी पाय उचलून धरला,
ऐकत राहिले,
मग डाव्याने करून पाहिलं.