दुसरा फॉल्ट

पावणेबारा.
उद्या नवाच्या आत एकशेचाळीस क्लेम भरायचेत,
गुडघ्यांचे, मोतीबिंदूंचे, एक प्लीहेचा,
आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात, घड्याळाला चिकटून,
पिवळा त्रिकोण. उद्गारचिन्हासकट.
काय झालंय ते सांगत नाही,
झालंय एवढंच,
शाळेतून आलेल्या बाईंच्या चिठ्ठीसारखं.

राउटर बंद केला. तीस आकडे मोजले.
चालू केला. दिवे लागले ओळीने,
पाचवा लागता लागता राहिला.
परत बंद. या वेळी साठ.
इतकं थांबून मी कुणाला संधी दिलेली आठवत नाही.

मग घरभर फिरले लॅपटॉप कडेवर घेऊन,
तापातलं पोर घेऊन फिरावं तशी.
लोखंडी कपाटाजवळ दोन रेघा,
ओट्यावर मिक्सरशेजारी तीन,
मोरीच्या दारात चार.
तिथे बसायचं कसं?
कन्नमवार नगरातल्या अडीचशे चौरस फुटांत
एवढा भूगोल आहे हे
सतरा वर्षं राहून माहीत नव्हतं.
यादीत शेजार आला, ज्याच्या त्याच्या कुलपासकट:
सकपाळ दोन,
तांडेल बेडरूम,
फुकट मिळणार नाही,
कोळंबी,
आणि एक, नाव न सांगणारं.
जिन्यात ज्यांना मी नुसती मान हलवते
ते सगळे माझ्या भिंतीतून आरपार.

बिजॉयला फोन केला, नेटवाल्याला.
पंतनगरला खोदकामात फायबर तुटलंय मॅडम, अर्ध्या तासात येईल.
गेल्या गणपतीतही तो अर्धा तासच म्हणाला होता.
थांबायला हवं होतं. नाही थांबले.
ड्रायव्हर काढला, घातला.
पासवर्ड विसरायला लावला त्याला, परत शिकवला.
ही कड बदल, ती कड बदल,
कपाटाच्या कोपऱ्यावर आपटता आपटता वाचवलं,
आणि त्रिकोण गेला.
त्याच्या जागी लाल फुली.
यादीच गेली. सकपाळ नाहीत, तांडेल नाहीत, कोळंबी नाही.
एवढी माणसं एकदम कुठे गेली?

दादा पाण्याला उठले.
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं, केबल जॉइंटर,
घाटकोपर एक्स्चेंजच्या हद्दीतली सगळी मॅनहोलं.
बाराशे जोड्यांची केबल, वर शिशाची साल,
आत कागदात गुंडाळलेल्या तारा.
आता डोळ्यांना फारसं दिसत नाही.
"टोन आहे का?"
याला टोन नसतो, दादा.
"मग लाइन मेली की जिवंत, कळतं कसं?"
फुली दाखवली. त्यांना दिसली नाही.
"आधी काय होतं?"
त्रिकोण.
"मग तू काय काय केलंस?"
मी सांगत गेले.
ते कडेकडेने बोट फिरवत गेले, सावकाश,
स्क्रीनकडे न बघता.
"एका डॉक्टरची लाइन जोडायला खाली उतरायचो,
वर येईपर्यंत शेजारच्या पिठाच्या गिरणीची तोडलेली असायची.
दुसऱ्या दिवशी तक्रार यायची, गिरणीच्या नावावर.
ती निस्तरायलाही मलाच पाठवायचे."

पुढच्या कडेला, मनगट टेकतं तिथे खाली,
तांदळाएवढं बटण. सरकणारं.
लॅमिंग्टन रोडवरून जुना म्हणून घेतला
तेव्हापासून मला न दिसलेलं.
कडेवर घेताना सरकलं असणार. माझ्याच कमरेने.
"हे असंच असतं का गं?"
आणि सरकवलं.

सकपाळ आले. तांडेल आले. कोळंबी.
नाव न सांगणारंही आलं.
आमचं आलं, त्रिकोणाशिवाय.
पंतनगरचं कुणीतरी केव्हाच जोडून
घरी गेलं होतं बहुतेक.

दादा पाणी पिऊन आत गेले.
मी प्लीहेवर क्लिक केलं.
पान गोल गोल फिरत राहिलं.
आतून, अंधारातून, आवाज:
"आला का टोन?"
आला, म्हटलं.
अजून फिरतच होतं.