चार पस्तीस

गुजरीत वेर्णेकरांच्या पेढीवर
बिलाचा प्रोग्रॅम लिहून दिला, त्याला आठ दिवस झाले.
नवव्या दिवशी अनंतदाजींनी
चष्मा कपाळावर सारून मला हाक मारली:
"पोरी, डूल चार पस्तीसचे. ह्यो काटा बघ.
तुझ्या कागदावर चार चौतीस.
एक कुठं सांडला?"

मी हसले. मग नाही हसले.
गुंजेचा बारावा हिस्सा फार तर,
नखाखाली बसेल, फुंकरीनं जाईल,
पण सोनाराच्या दारात असलं काही
हसण्यावारी नेत नाहीत.

दुपारी माळ्यावर
बंगाली कारागीर भातात डाळ कालवत होते,
भट्टीची धग गुडघ्याला लागत होती,
आणि मी त्या आकड्याचं पोट उघडून बघितलं.
शंभरानं गुणल्यावर आत चारशे पस्तीस नव्हतेच.
चारशे चौतीस, टिंब,
मग नऊ नऊ नऊ नऊ नऊ
असा उंबऱ्याला अंगठा लावून उभा राहिलेला.
आणि पूर्णांक करताना मीच तर सांगून ठेवलं होतं,
टिंबापुढचं काप.
त्यानं कापलं.

खाली येऊन दाजींना म्हटलं,
यंत्राला दहावा हिस्सा येत नाही हो.
त्याला अर्धं येतं, अर्ध्याचं अर्धं येतं,
मग त्याचंही अर्धं.
दाजी एकदम खुलले.
"म्हंजे निमकी, पावकी!
पाव, अदपाव, छटाक…"
हो, तसंच. सव्वाचार टाका, बिनचूक बसतात.
साडेचार, पावणेपाच, काही बोलायला नको.
पण दहातला एक मागितला की
ते छटाकेचे तुकडे करत जातं,
तुकड्याचे तुकडे,
जागा संपेपर्यंत,
आणि पारडं समेवर येत नाही ते नाहीच.
"मग ह्ये आमच्या बाच्या शाळंतलं की,"
दाजी म्हणाले. "तुझ्या न्हवं."

एक शब्द बदलला.
आता ते कापत नाही,
जवळचा आकडा कुठला ते आधी बघतं.

दुसऱ्या दिवशी पेढी उघडायच्या आधी पोचले.
पायरीखाली झारेकऱ्यांची शेवंता
गटारातला काळा गाळ घमेल्यात ओढत होती.
कानशीतून उडालेलं, केरातून गेलेलं,
हात धुतलेल्या पाण्यातलं,
सगळं तिला सापडतं, वर्षाचा ठेका आहे तिचा.
माझ्या हातात यादी होती:
आठ दिवस, सदतीस बिलं,
प्रत्येकातून एक गेलेला,
शेवंताच्या गटारात न पडता.

दाजींनी यादी वाचली, घडी घातली, गल्ल्यात टाकली.
"पैसं बुडालं आमचं, खरं हाय.
सोनं न्हाई बुडालं."
मग कुलपात किल्ली फिरवत, मला नव्हे, स्वतःलाच:
"कागलची हुती ती बाई.
तिच्या कानात चार पस्तीसच हायेत."