उणे दोन

भरमूमामांनी पत्र्याची पेटी माझ्या टेबलावर ठेवली.
आत पलटणीच्या बँडमधले कागद,
चौदा चाली, एकेकीचे तेरा पार्ट,
क्लॅरिनेटचा वेगळा, कॉर्नेटचा वेगळा,
कडा भिजवलेल्या तंबाखूच्या रंगाच्या.
"कंप्युटरात घाल. डोळं गेलं आता.
वळीच्या तोंडाची खूणबी दिसंना."

शहापुरात झेरॉक्सच्या दुकानामागं बसते मी,
दोन लिप्यांत लग्नपत्रिका जुळवते.
स्वर वाचायला यूट्यूबवर शिकले, तेही अर्धवट.

स्कॅन केल्यावर टिंबं जागच्या जागी बसली,
वळीच्या तोंडच्या खुणा मात्र गळून गेल्या.
त्या की सिग्नेचरचं काम वेशीवरच्या पाटीसारखं:
आत शिरताना एकदा वाचायची,
मग शेवटल्या घरापर्यंत लागू.
(आमच्या वेशीवरची पाटी
माझ्या आठवणीत तीनदा रंगवली.
म्हशी त्याच बाजूनं येतात.)

मामांना फोन लावला. "काय लावू?"
"समदं बी फ्लॅटात हाय. दोन फ्लॅट."

एकशे ब्याऐंशी फायली हातानं कोण उघडणार?
रात्री एक छोटा प्रोग्रॅम लिहिला.
फ्लॅट म्हणजे उणे, शार्प म्हणजे अधिक.
प्रत्येक फाईल उघड, पहिल्या घरात उणे दोन ठेव,
मिटव, पुढची घे.
चहा ओतून आले तोवर संपलं होतं.
मला इतकी ऐट आली
की दुसरा कप स्वतःलाच दिला.

रविवारी मुतग्याच्या शाळेमागं तालीम.
येळ्ळूरच्या लग्नाची सुपारी होती.
पहिल्या घराला बरं वाजलं.
दुसऱ्याला रमजानचा क्लॅरिनेट घसरला,
हॉर्न तिसरीकडंच,
भिंतीवरची कावळ्यांची रांग उठून गेली.
बसाप्पाचं युफोनियम तेवढं बरोबर चाललेलं,
आणि तो एकटाच ओशाळून थांबला,
चूक आपलीच असणार म्हणून.

मामा रागावले नाहीत. कागद नाकाला लावून हुंगल्यासारखा वाचला.
"काय करून ठेवलीस गं?
सगळ्यांस्नी एकच खूण दिलीस व्हय?
युफोनियमला दोन फ्लॅट.
क्लॅरिनेट, कॉर्नेटला काय न्हाई, मोकळं तोंड.
हॉर्नला एक शार्प.
कागदावर येगळं असतंय, बाई.
भाईर आल्यावर बघायचं."
मग तंबाखू मळत बसले, त्यावर काही बोलले नाहीत.

घरी येऊन जर-तर लिहिले.
जर युफोनियम, तर उणे दोन.
जर क्लॅरिनेट, तर शून्य.
जर हॉर्न, तर अधिक एक.
पुन्हा चालवला. या वेळी चहा केला नाही,
एकेक फाईल उघडून बघितली, पहाटे तीनपर्यंत.

जुन्या कागदांवर पेन्सिलीनंही बरंच काही होतं.
कुणीतरी टिंबांखाली कानडीत सरगम लिहिलेली,
एके ठिकाणी "हळू, साहेब आलेत",
एके ठिकाणी नुसताच एक आकडा, बहुधा उधारीचा.
यंत्रानं ते सगळं डाग समजून पुसलं.
मी पेटी परत देताना सांगितलं, जाळू नका हे.
"जाळतंय कोण," मामा म्हणाले.

एक अडचण राहिली.
बस्त्यावचं हॉर्न पडून चेमटलंय,
शार्पनं चढत नाही, फ्लॅटनं उतरत नाही,
मधल्याच कुठल्यातरी फटीत लागतं.
बस्त्याव ओठानं ओढून ते जाग्यावर आणतो.
त्यासाठी जर-तर कसं लिहू?

स्वर ज्या खुणेनं चढवतात,
ती दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची जाळी,
तिच्या बहिणीसारखी एक माझ्या कीबोर्डावरही आहे.
प्रोग्रॅममध्ये ती घातली
की पुढची ओळ यंत्र वाचत नाही,
ती माणसासाठी सोडलेली असते.
तिथं मी लिहून ठेवलंय:

# बस्त्यावला विचारून. त्याचं हॉर्न थोडं खाली लागतं.