आतल्या अंगाला

चिपळूणहून कॉम्प्रेसर एस्टीत मांडीवर घेऊन आलो.
कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट काढा.
आता तो गॅरेजच्या बाकावर बसलाय, पाहुण्यासारखा,
आणि त्याला गाडीत कुठे बसवायचं
यावर सकाळपासून तीन चहा झालेत.

हवा कशाला, तर सांगतो.
हर्णैच्या वाळूत गाडी उतरवायची
तर चाकं मऊ करावी लागतात, पासष्टची तिशीवर.
टायर पसरतं, वाळू त्याला धरत नाही,
थेट होड्यांपर्यंत जाता येतं.
पंचाईत नंतरची. सुरमई भरून वर यायचं,
आणि हवावाला दुकान ओढून घरी गेलेला.
तीन हंगाम मी तसाच, मऊ चाकांवर, आसूदचा चढ चढलो.
दोन टायर कडेने फाटले.
बर्फाचं पाणी झालं. एक व्यापारी तुटला.

लियाकत परकार म्हणाला, बॉनेटखाली लाव,
बॅटरी जवळ, वायर आखूड.
मी हात आत घातला आणि काढला.
तिथे इंजिनच स्वतःला वैतागलेलं,
त्यात आणखी एक तापट कुठे कोंबू?

दिगंबर, आमचा क्लीनर, म्हणाला, सीटच्या मागे.
म्हणजे त्याच्याच झोपायच्या जागेवर.
मला मोठं कौतुक वाटलं.
मग आठवलं, वैशाखात लग्न झालंय त्याचं,
जागा गेली की रात्री घरी जायला मोकळा.

टपावर म्हणाल, तर पाजपंढरीच्या गल्लीत झावळ्या लागतात.
खाली म्हणाल, तर खारं पाणी.
आमच्याकडे लोखंड फार वर्षं लोखंड राहत नाही.
बिजागरी, कोयंडा, बालदीची कडी,
सगळं हळूहळू जांभ्याच्या रंगाचं होतं.

लियाकत जुम्म्याच्या नमाजाला गेला
तेव्हा मी गोणपाट अंथरलं, टॉर्च घेतला, गाडीखाली शिरलो.
अकरा वर्षं चालवतोय,
पण असं उताणं पडून तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

सायलेन्सरची पट्टी, नुसते पापुद्रे.
मागचा आडवा पत्रा नखाने खरवडला, हातातच आला.
टाकीचा पट्टा, स्प्रिंगच्या पाट्या,
पाणी कुठून उडतं, कुठे साचतं, कुठे सुकतं,
सगळा हिशेब तिथे मांडलेला.
मी सरपटत, वाचत वाचत पुढे गेलो.

आणि डाव्या चासीच्या आतल्या अंगाला,
डिझेल टाकीच्या आडोशाला,
दीड वीत जागा.
काळा रंग. कंपनीचा. तसाच.
त्यावर पिवळ्या रंगाची एक फुली,
कुणीतरी नट आवळून, तपासून, कारखान्यात ओढलेली,
तीही तशीच, काल ओढल्यासारखी.
मी बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

लियाकत आला, वाकला, बराच वेळ बोलला नाही.
मग एवढंच: "नवं भोक पाडायचं नाय हां.
चासीला भोक म्हणजे हाडाला भोक."
कंपनीच्याच भोकांवर पट्टी बसवली,
चार बोल्ट, खाली रबर, जाड वायर, मध्ये फ्यूज.
फुलीवर आधी ग्रीसचा हात फिरवला.
मी सांगितलं नव्हतं.

हवा ओढायची नळी तेवढी वर नेली,
केबिनमध्ये, सीटच्या मागे, कोरड्यात.
म्हणजे राबणार तो खाली,
आणि श्वास घेणार आमच्यातला:
दिगंबरच्या गोधडीचा, उदबत्तीचा, कालच्या बांगड्यांचा.
दिगंबर काही बोलला नाही. उशी झटकून परत तिथेच ठेवली.

परवा वाळूतून वर आलो, अंधार पडत होता.
पहिल्या चाकाला नळी लावली, बटण दाबलं.
टोपलीवर बसलेली पारू पावशे म्हणाली,
"काय रं, तुझी गाडी घोरते काय?"
मी काट्यावरची नजर काढली नाही.
चाळीस. त्रेचाळीस.
टायर वाळूचे कण झटकत
हळूहळू उठून उभं राहत होतं.
अजून पाच बाकी होती.